कीटकांचे विषाणू एका जातीला मारतात आणि शेजारच्या जातीला सोडून देतात, ते का?

शंकासुर:

नमस्कार. मी कीटकशास्त्राचा विद्यार्थी नाही. अळ्या पाळून त्यांचे पतंग होईपर्यंत निरीक्षणे लिहून ठेवण्याचा छंद मात्र मला बरीच वर्षे आहे. गेल्या महिन्यात एक साधा प्रयोग केला आणि त्याच्या निकालाने मला पेचात पाडले.

एकाच झाडाची पाने दोन डब्यांत घातली. एका डब्यात घाटे अळीच्या, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराच्या, दुसऱ्या अवस्थेतील बारा अळ्या होत्या आणि दुसऱ्या डब्यात तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या, म्हणजे स्पोडोप्टेरा लिटुराच्या, तेवढ्याच. दोन्हीकडच्या पानांवर घाटे अळीचा एनपीव्ही (न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस, अळ्यांना मारणारा विषाणू) एकाच बाटलीतून, एकाच प्रमाणात फवारला. चौथ्या दिवसापर्यंत फरक काही दिसला नाही. पाचव्या दिवशी घाटे अळ्यांनी खाणे सोडले, त्यांची कातडी पिवळट आणि तुकतुकीत झाली, आणि एकेक करून त्या डब्याच्या जाळीवर चढू लागल्या. सातव्या दिवशी सकाळी बारापैकी अकरा अळ्या मागच्या पायांनी जाळी धरून, डोके खाली करून लोंबकळत होत्या. एकीला चिमट्याचे टोक लागले मात्र, कातडी फाटली आणि दुधट करडा द्रव ओघळला. आत अवयव म्हणावे असे काही उरलेच नव्हते. शेजारच्या डब्यात स्पोडोप्टेराच्या अळ्या पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून बाकी सगळे फस्त करत होत्या.

दोन्ही अळ्या नॉक्टुइडी कुळातल्या, दोन्ही पाने खाणाऱ्या, आकारानेही जवळपास सारख्या. मग विषाणूला फरक कळतो कुठे? वाचनात जिथेतिथे कुलूप आणि किल्लीची उपमा येते. विषाणूची किल्ली ज्या पेशीच्या कुलपाला बसते, तीच पेशी बाधित होते, एवढे सांगून लेखक मोकळे होतात. त्याच वाचनात पुढे असेही आढळले की याच गटातला एक विषाणू प्रयोगशाळेत माणसाच्या यकृताच्या पेशींमध्ये सहज शिरतो. किल्ली माणसाच्या कुलपालाही बसत असेल, तर हे विषाणू मधमाश्यांना आणि माणसांना निर्धोक आहेत असे कोणत्या आधारावर म्हणतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोशस्थ:

तुमची शंका रास्त आहे, आणि तिचे मूळ त्या उपमेतच आहे. कुलूप आणि किल्ली म्हटले की दार एकच असल्याचा समज होतो. बॅक्युलोविषाणूला, म्हणजे एनपीव्ही ज्या कुळात मोडतो त्या कुळातल्या विषाणूला, अळीच्या तोंडापासून तिचा पार द्रव होईपर्यंत पाच-सहा टप्पे ओलांडावे लागतात आणि त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावर त्याची वाट अडू शकते. पेशीत शिरणे हा त्यांतला एक टप्पा झाला. शिरलेल्याला तिथे नांदता आले पाहिजे, हा खरा प्रश्न आहे, आणि यजमान जाती ठरण्याचे बरेचसे काम शिरल्यानंतर होते.

पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करू. पानावर तुम्ही जे फवारले ते उघडे विषाणू नव्हते. पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात अनेक विषाणुकण रुतवलेले असतात. या स्फटिकांना पॉलिहेड्रा म्हणतात आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही चकाकत्या दाण्यांसारखे दिसतात. हे आवरण फार चिवट असते, सावलीत किंवा मातीत ते वर्षानुवर्षे टिकते, पण तीव्र अल्क लागताच विरघळते. पाने खाणाऱ्या अळ्यांच्या मध्यांत्राचा सामू साधारण १० ते ११ असतो. प्राणिसृष्टीत इतके अल्कधर्मी आतडे विरळाच, आणि विषाणूने नेमका त्याचाच फायदा घेतला आहे. मधमाशीच्या मध्यांत्राचा सामू उदासीनाच्या आसपास असल्यामुळे तिथे स्फटिक उलगडण्याचीच अडचण होते. आपल्या जठरातील तीव्र आम्लात या विषाणूचा निभाव लागत नाही. तुमच्या दोन अळ्यांना मात्र हा टप्पा वेगळे करत नाही, कारण दोघींचेही आतडे अल्कधर्मी. स्पोडोप्टेराच्या पोटातही ते स्फटिक विरघळलेच असणार.

विरघळल्यानंतर समोर येतो पेरिट्रॉफिक पडदा. कायटिन आणि प्रथिने यांची ही जाळीदार नळी अन्नाला गुंडाळून ठेवते, त्यामुळे अन्नाबरोबर आलेले विषाणू आतड्याच्या पेशींपर्यंत थेट पोहोचत नाहीत. काही बॅक्युलोविषाणूंजवळ एनहान्सिन नावाचे विकर असते, ते या पडद्यातील श्लेष्म प्रथिने तोडते. काहींजवळ ते नसते. पडदा ओलांडला की विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचा एक संच कामाला लागतो. या संचाला पीआयएफ म्हणतात. त्यातले एक प्रथिन काढून टाकले तरी तोंडावाटे होणारा संसर्ग बंद पडतो, मात्र तोच विषाणू सुईने अळीच्या रक्तात सोडला तर तिला मारू शकतो. तोंडावाटे दाद न देणाऱ्या जाती टोचल्यावर बळी पडतात, असेही अनेक जोड्यांबाबत दिसून आले आहे. पुष्कळ जाती केवळ आतड्याच्या भिंतीमुळे बचावतात, हे यावरून उघड होते. त्यामुळे कोणी यजमान जातींची यादी दाखवली, तर ती खाऊ घालून केली आहे की टोचून, हे आधी विचारावे. दोन याद्या जुळत नाहीत.

आतड्याच्या पेशी बाधित झाल्या म्हणजे अळी गेलीच, असेही नाही. अळी बाधित पेशी सोलून मलावाटे टाकून देऊ शकते. वाढलेल्या अळीत हे अधिक घडते, आणि म्हणूनच शेवटच्या अवस्थेतील अळीला मारायला लहान अळीच्या कितीतरी पट मात्रा लागते. तुमच्या डब्यात वाचलेली बारावी घाटे अळी बाकीच्यांपेक्षा थोराड होती का, हे आठवून पाहा. सोलले जाण्याआधी विषाणूला आतड्याखालच्या श्वासनलिकांच्या पेशींमध्ये पाय रोवावा लागतो. इथून पुढे तो वेगळ्या वेषात फिरतो: स्फटिकाविना, पेशीच्या पटलातून कळीसारखा फुटून बाहेर पडलेला. या रूपाच्या अंगावर पेशीत शिरण्याचे प्रथिनही निराळे असते. काही बॅक्युलोविषाणूंमध्ये ते जीपी६४ असते, घाटे अळीच्या एनपीव्हीमध्ये ते एफ प्रथिन असते.

आता माणसाच्या पेशींबद्दल. तुम्ही वाचले ते खरे आहे. १९९५ मध्ये ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगाचा एनपीव्ही माणसाच्या यकृतपेशींमध्ये कार्यक्षमतेने शिरतो असे दाखवले गेले, आणि तेव्हापासून पेशींमध्ये जनुके पोहोचवण्यासाठी त्याचा वाहक म्हणून वापर होऊ लागला. जीपी६४ हे प्रथिन दाराच्या बाबतीत फारसे चोखंदळ नाही. मात्र शिरल्यावर विषाणूचे काम तिथेच अडते. या विषाणूची जनुके पायऱ्यापायऱ्यांनी चालू होतात. पहिल्या पायरीवरची जनुके वाचण्यासाठी तो यजमान पेशीच्या यंत्रणेवर अवलंबून असतो, आणि त्या जनुकांतून जी प्रथिने बनतात त्यांच्या जोरावर पुढच्या पायरीचे स्वतःचे आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुके वाचणारे विकर, उभे राहते. सस्तन प्राण्याच्या पेशीला पहिल्या पायरीच्या जनुकांपुढच्या खुणा जवळपास वाचताच येत नाहीत. शिडीची पहिलीच पायरी निसटल्यामुळे विषाणूच्या डीएनएच्या प्रती निघत नाहीत आणि नवे विषाणूही बनत नाहीत. संशोधक त्याच डीएनएत सस्तन पेशीला वाचता येईल अशी खूण मुद्दाम बसवतात, तेव्हा तेवढे एक जनुक चालते, बाकीचा विषाणू गप्प राहतो. शिवाय आपल्या रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रतिकारशक्तीची प्रथिने या विषाणूला निकामी करतात, ही उपचारासाठी त्याचा वापर करू पाहणाऱ्यांची मोठी डोकेदुखी आहे.

निर्धोकपणाचा आधार तुम्ही विचारला आहे, तो हा असा अनेक पदरी आहे. आजवर बॅक्युलोविषाणू सापडले आहेत ते पतंग-फुलपाखरे, करवती माश्या आणि डास यांच्यातच. मधमाशी करवती माशीच्याच गणातली असूनही तिच्यात ते आढळलेले नाहीत.

पेशीवाचक:

कोशस्थ यांनी आतड्यापर्यंतचा प्रवास नीट मांडला आहे. पेशीच्या आत नेमके काय बिनसते, याची तीन उदाहरणे माझ्या विशेष आवडीची आहेत, ती इथे देतो.

पहिले उदाहरण रेशीमकीटकाचे. त्याच्या एनपीव्हीमुळे ग्रासेरी हा रोग होतो. हा विषाणू आणि वर उल्लेख आलेला ऑटोग्राफाचा विषाणू हे अगदी जवळचे नातलग आहेत. त्यांच्या डीएनएचा क्रम नव्वद टक्क्यांहून अधिक जुळतो. तरीही ऑटोग्राफाचा विषाणू तीसहून अधिक जातींच्या अळ्यांना बाधतो पण रेशीमकीटकात त्याची डाळ शिजत नाही, आणि रेशीमकीटकाचा विषाणू रेशीमकीटकापलीकडे फारसा जात नाही. १९९३ मध्ये सुसुमु माएदा यांच्या गटाने दोन्ही विषाणूंचे संकर करून पाहिले आणि फरक एका जनुकापाशी आणून ठेवला. ते जनुक पी१४३, म्हणजे हेलिकेजचे. डीएनएचे दोन पदर उलगडण्याचे काम ते करते. ऑटोग्राफाच्या विषाणूतील या जनुकाचा एक छोटा तुकडा काढून तिथे रेशीमकीटकाच्या विषाणूतील तुकडा बसवला, की त्याला रेशीमकीटकाच्या पेशींत वाढता येते. पुढच्याच वर्षी, अशा छोट्या तुकड्याची अदलाबदल केल्यावर तो रेशीमकीटकाच्या जिवंत अळ्याही मारतो, हे दाखवले गेले. सुमारे दीडशे जनुकांच्या विषाणूत मोजक्या अमिनो आम्लांचा बदल, आणि यजमान बदलला. इथे कुलूप कुठेच नाही. हेलिकेज विषाणूच्या पृष्ठभागावर नसतेच. ते काम करते केंद्रकात.

दुसरे उदाहरण पेशीच्या आत्महत्येचे. आपण बाधित झालो आहोत हे कीटकाच्या पेशीला कळले, तर ती स्वतःला संपवते. विषाणूच्या प्रती तयार होण्याआधीच घर पाडून टाकण्याचा हा प्रकार आहे. लॉइस मिलर यांच्या प्रयोगशाळेत १९९१ मध्ये दिसले की ऑटोग्राफाच्या विषाणूजवळचे पी३५ हे प्रथिन ही आत्महत्या रोखते. पी३५ नसलेला उत्परिवर्तित विषाणू त्यांनी स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाच्या पेशींवर सोडला, तेव्हा त्या पेशी फुटून बुडबुड्यांसारख्या तुकड्यांत विखुरल्या. तोच विषाणू कोबीवरील उंट अळीच्या, म्हणजे ट्रायकोप्लुसिया नीच्या, पेशींत मात्र नीट वाढला. पुढे अळ्यांना टोचून पाहिल्यावरही हाच भेद दिसला: उंट अळीवर त्या विषाणूचा जोर फारसा घटला नाही, स्पोडोप्टेराला मारायला मात्र सुमारे हजारपट मात्रा लागली. एकच जनुक, एका जातीत अत्यावश्यक, दुसरीत जवळजवळ अनावश्यक. त्यामुळे 'या विषाणूचे यजमान कोण' असा नुसता प्रश्न मला अपुरा वाटतो. कोणत्या जनुकांनिशी आलेला विषाणू, हेही त्यात धरावे लागते.

तिसरे उदाहरण थोडे गूढ आहे. स्पंजी मॉथ, ज्याला पूर्वी जिप्सी मॉथ म्हणत, त्याच्या पेशींच्या एका वाणात ऑटोग्राफाचा विषाणू शिरतो, त्याच्या डीएनएच्या प्रती निघतात, संदेशवाहक आरएनए बनतात, आणि मग पेशीतले सगळे प्रथिननिर्माण एकदम थांबते. विषाणूचेही आणि पेशीचे स्वतःचेही. स्पंजी मॉथच्या स्वतःच्या एनपीव्हीत एचआरएफ-१ नावाचे एक जनुक आहे. ते ऑटोग्राफाच्या विषाणूला उसने दिले की ही कोंडी सुटते. हे १९९६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. विषाणूने सगळे सामान मांडले, चूल पेटवली, आणि ऐन वेळी घरमालकाने पाणी तोडले, असे काहीसे.

शंकासुर यांच्या मूळ प्रश्नाला जोडून एवढेच सांगेन की 'दोन्ही एकाच कुळातल्या' ही गोष्ट वाटते तितकी मोठी नाही. हेलिकोव्हर्पा आणि स्पोडोप्टेरा यांची उपकुळे वेगळी आहेत आणि त्यांच्या वाटा काही कोटी वर्षांपूर्वी फुटल्या आहेत. आकार आणि भूक सारखी असली, तरी पेशीच्या आतला कारभार तेवढ्या काळात बराच वेगळा होऊ शकतो.

दुसरी_बाजू:

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यांतून वाचकाचा असा ग्रह होईल की दाराला महत्त्वच नाही आणि सगळा निवाडा पेशीच्या आतच होतो. बॅक्युलोविषाणूंपुरते हे बरेचसे खरे असेलही. कीटकांचे विषाणू म्हणजे फक्त बॅक्युलोविषाणू नव्हेत.

फ्लॉक हाउस विषाणू घ्या. न्यूझीलंडमध्ये गवताची मुळे खाणाऱ्या हुमणीतून तो प्रथम वेगळा केला गेला. त्याचा जनुकसंच आरएनएच्या दोन तुकड्यांचा, मिळून साडेचार हजार बेसच्या आसपास. दीडशे जनुकांच्या एनपीव्हीपुढे हे अगदीच फाटके बिऱ्हाड. या विषाणूचा आरएनए १९९० मध्ये थेट वनस्पतींच्या पेशींत घातला गेला, आणि तिथे संसर्गक्षम विषाणू तयार झाले. १९९६ मध्ये तो यीस्टमध्येही वाढवून दाखवला. हुमणीचा विषाणू वनस्पतीत आणि बुरशीच्या भाऊबंदांत नांदतो! त्याला आत फारसे काही लागत नाही: मायटोकॉन्ड्रियाचे बाहेरचे पटल आणि प्रथिने बनवणारे रायबोसोम, जे सगळ्याच केंद्रकी पेशींत असतात. त्याच्या बाबतीत अडसर आहे तो आत शिरण्याचा. म्हणजे कोशस्थ यांनी मोडीत काढलेली कुलूप-किल्लीची उपमा इथे पुन्हा कामी येते.

माझा मुद्दा असा की विषाणू जितका अधिक गोष्टींसाठी यजमानाशी वाटाघाटी करतो, तितक्या अधिक जागी त्याचे बिनसू शकते. थोडक्यात गरजा भागवणाऱ्या विषाणूचा प्रश्न बहुधा उंबरठ्यावरच सुटतो किंवा तुटतो. हा नियम म्हणून मांडत नाही. स्थूल कल म्हणून घ्यावा.

त्याला छेद देणारे एक उदाहरण मीच देतो. कीटकांच्या पेशी विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखून त्याचे तुकडे करतात, हा त्यांच्या प्रतिकारशक्तीचा मुख्य आधार आहे. त्यावर मात करण्यासाठी अनेक विषाणूंजवळ दडपणारी प्रथिने असतात. ड्रोसोफिला इमिग्रान्स या फळमाशीत सापडलेल्या नोरा विषाणूचे असे प्रथिन त्या माशीच्या आर्गोनॉट-२ या, वरच्या प्रतिकारयंत्रणेतील प्रथिनाला निष्प्रभ करते, पण ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच्या त्याच नावाच्या, त्याच कामाच्या प्रथिनापुढे ते हतबल ठरते. हे संशोधन २०१४ चे आहे. छोटासा आरएनए विषाणू, आणि तरीही अडला तो आतच, प्रतिकारशक्तीपाशी.

नात्याच्या जवळिकीबद्दल पेशीवाचक यांनी लिहिले, त्याला पूरक म्हणून फळमाश्यांमधील सिग्मा विषाणूंचा प्रयोग सांगण्याजोगा आहे. हे विषाणू अंड्यातून आणि शुक्राणूतून पुढच्या पिढीत जातात, एका माशीकडून दुसरीकडे संपर्काने जात नाहीत. २०११ मध्ये ड्रोसोफिला कुळातल्या ५१ जातींना असे तीन विषाणू टोचून पाहिले. मूळ यजमानाच्या जवळच्या जातींत विषाणू अधिक चांगला वाढला, हे अपेक्षितच होते. त्याशिवाय असेही दिसले की वंशवृक्षाच्या एकाच फांदीवरच्या जाती, मूळ यजमानापासून कितीही दूर असल्या, तरी विषाणूला सारखाच प्रतिसाद देतात. म्हणजे दूरच्या एखाद्या फांदीवरच्या सगळ्या जाती एकदम बळी पडू शकतात आणि मधल्या फांद्या सुटू शकतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: टोचल्यावर अनेक जातींत वाढणारा विषाणू निसर्गात एकाच जातीत सापडतो, कारण तिथे त्याला सुई मिळत नाही.

शंकासुर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थोराड अळीबद्दल कोशस्थ यांचा तर्क बरोबर निघाला. वही पाहिली, ती अळी प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी कात टाकून तिसऱ्या अवस्थेत गेली होती.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, यजमान जातीच्या आतही असा फरक असतो का, म्हणजे एकाच जातीच्या काही अळ्या विषाणूला दाद देत नाहीत असे होते का? दुसरी गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिली नाही, कारण ती नंतर घडली. स्पोडोप्टेराच्या बारा अळ्यांपैकी एक चौदाव्या दिवशी मेली, आणि तीही तशीच लोंबकळत, तशीच आतून पातळ झालेली. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला, तर पॉलिहेड्रा भरपूर. मग माझे मूळ निरीक्षणच चुकले म्हणायचे का?

पेशीवाचक:

पहिल्या प्रश्नापुरते उत्तर देतो. होय, आणि त्याचे उत्तम उदाहरण सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथचे आहे. त्याचा ग्रॅन्युलोविषाणू, म्हणजे बॅक्युलोविषाणूंचाच आणखी एक प्रकार, १९६० च्या दशकात मेक्सिकोत मिळाला, आणि पुढे युरोपातील बागांमध्ये वापरलेली उत्पादने बराच काळ त्या एकाच मूळ वाणापासून बनत राहिली. २००५ मध्ये जर्मनीतील काही बागांमधल्या अळ्या त्या विषाणूला हजारपटीहून अधिक प्रतिकार करत असल्याचे प्रसिद्ध झाले. हा प्रतिकार बहुतांश झेड या लिंग गुणसूत्रावरून पुढच्या पिढीत जातो. पतंगांमध्ये मादीजवळ झेड एकच असते, त्यामुळे प्रतिकाराची एकच प्रत मिळालेली मादी लगेच प्रतिकारक्षम ठरते आणि अशा अळ्यांची संख्या झपाट्याने वाढते. विषाणूच्या बाजूने पाहिले, तर २०१४ मध्ये त्याच्या पीई३८ या जनुकावर बोट ठेवता आले. मेक्सिकोच्या वाणात या जनुकात २४ न्यूक्लिओटाइडांचा एक तुकडा जास्तीचा पुन्हा आला होता. इतर ठिकाणी सापडलेल्या ज्या वाणांत तो नव्हता, ते त्याच प्रतिकारक्षम अळ्यांना मारत होते. इथेही दाराशी काही अडले नव्हते. विषाणू शिरत होता, वाढत नव्हता.

कोशस्थ:

चौदाव्या दिवशी मेलेल्या अळीबद्दल. निरीक्षण चुकले असे म्हणण्याची घाई करू नका. यजमान जाती ठरवण्याच्या कामातला हा सगळ्यात जुना चकवा आहे, आणि त्यात भले भले फसले आहेत.

पुष्कळ पतंगांच्या पिढ्या आपला स्वतःचा विषाणू सुप्त स्वरूपात बाळगून असतात. अळी खाते, वाढते, कोश करते, पतंग होते, आणि अंड्यातून तो विषाणू पुढे देते. बाहेरून कशाचाही पत्ता लागत नाही. गर्दी, उपासमार किंवा दुसऱ्याच एखाद्या विषाणूचा संसर्ग यांमुळे तो जागा होतो. मॅमेस्ट्रा ब्रासिकी या पतंगाच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या एका वाणात असा दडलेला एनपीव्ही १९९० च्या दशकात सापडला, आणि अळ्यांना परका विषाणू खाऊ घातल्यावर तो उफाळून आला. म्हणजे तुम्ही खाऊ घातला 'अ' विषाणू, अळी मेली 'ब' विषाणूने, आणि वहीत नोंद झाली की 'अ'ची यजमान संख्या एकने वाढली. डीएनए तपासण्याची सोय होण्यापूर्वीच्या अनेक लांबलचक याद्यांकडे मी याच कारणामुळे साशंक नजरेने पाहतो.

तुमच्या हाताशी असलेल्या सूक्ष्मदर्शकाने हा निवाडा होणार नाही. दोन जातींच्या विषाणूंचे पॉलिहेड्रा प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच चकाकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असता तर फरक दिसला असता, कारण घाटे अळीच्या नेहमीच्या एनपीव्हीत प्रत्येक आवरणात एकच न्यूक्लिओकॅप्सिड (डीएनए आणि त्याभोवतीचे प्रथिनांचे कवच) असते आणि स्पोडोप्टेरा लिटुराच्या एनपीव्हीत ती जुडीने असतात. घरी करता येण्याजोगा मार्ग निराळा आहे. त्या मेलेल्या अळीचा द्रव पाण्यात मिसळून, कापडातून गाळून दोन्ही जातींच्या लहान अळ्यांना पानावरून द्या. द्रवात घाटे अळीचाच विषाणू वाढलेला असेल, तर घाटे अळ्या मरतील. स्पोडोप्टेराचा स्वतःचा असेल, तर स्पोडोप्टेरा मरतील आणि घाटे अळ्या सुटतील. दोन्ही जातींची प्रत्येकी एक टोळी विषाणूशिवाय, नुसत्या पाण्याच्या पानांवर ठेवायला विसरू नका. गेल्या वेळी तशी ठेवल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. डबे, चिमटे, जाळ्या आधी सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, नाहीतर पहिल्या प्रयोगातले पॉलिहेड्रा दुसऱ्यात हजर होतील.

शंकासुर:

सुचवल्याप्रमाणे केले. चार नवे डबे, प्रत्येकात दुसऱ्या अवस्थेतील बारा अळ्या. आज सोळावा दिवस. द्रव दिलेल्या डब्यात स्पोडोप्टेराच्या बारापैकी नऊ मेल्या, सगळ्या आठव्या दिवसाच्या आत आणि सगळ्या लोंबकळत. द्रव दिलेल्या घाटे अळ्यांपैकी एक मेली, पण ती सुकून, काळी पडून. तिच्या थेंबात पॉलिहेड्रा दिसले नाहीत. बाकीच्या अकरा कोशात गेल्या. नुसत्या पाण्याच्या दोन्ही डब्यांपैकी घाटे अळ्यांच्या डब्यात एकही मेली नाही, आणि स्पोडोप्टेराच्या डब्यात काल एक मेली, मागच्या पायांनी जाळीला लटकून. स्पोडोप्टेराच्या या अळ्या ज्या अंड्यांतून निघाल्या, ती मी गेल्या वर्षीपासून पाळत असलेल्या त्याच पतंगांची आहेत.